शंभर मालकांचा मॉल

सकाळी 6.30

पहिली फेरी तळघरात. फायर पंपाच्या खोलीत जाऊन मुख्य लाइनचा दाब पाहायचा, जॉकी पंप आपोआप सुरू होऊन बंद होतो आहे ना याची खात्री करायची, आणि सोमवार असेल तर डिझेलवरचा पंप थोडा वेळ चालवून घ्यायचा. पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका जुन्या मॉलचा मी व्यवस्थापक आहे. पगार गाळेमालकांच्या सोसायटीकडून मिळतो. वर किती दुकानं चालू आहेत याच्याशी या खोलीला देणंघेणं नाही. इमारत उभी आहे तोवर पाइपात पाणी दाबाखाली असलंच पाहिजे, आणि रिकाम्या मजल्यांवर तर त्याची गरज जास्त, कारण धूर निघाला तर पाहायला तिथे कोणी नसतं.

मुंबई सेंट्रलच्या सिटी सेंटर मॉलला ऑक्टोबर 2020 मध्ये आग लागली, ती विझवायला दोन दिवसांहून अधिक वेळ गेला. मार्च 2021 मध्ये भांडुपचा ड्रीम्स मॉल पेटला तेव्हा त्याच इमारतीतल्या रुग्णालयातले कोविडचे रुग्ण दगावले. शेकडो गाळ्यांचा तो मॉल आधीच वादात सापडून प्रशासकाच्या हाती गेला होता. आमच्या धंद्यातल्या माणसाने या दोन आगी विसरता कामा नयेत. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' द्यावा लागतो. मेंटेनन्स थकला की काटकसरीची पहिली सूचना नेमकी याच खर्चावर येते, कारण चालू असलेला पंप कोणाच्या नजरेला पडत नाही. मी बाकी पुष्कळ काटछाट मान्य केली आहे. ही केलेली नाही.

सकाळी 7.15

मागचं दार उघडतो. आजूबाजूच्या पेठांतले आजी-आजोबा तळमजल्यावर चालायला येतात. पावसाळ्यात बाहेरचे पदपथ त्यांच्यासाठी धोक्याचे असतात. इथे फरशी सपाट आहे, बाक आहेत, वाहनं नाहीत. यातून सोसायटीला एक रुपयाही मिळत नाही. कमिटीत एकदा हे बंद करायचा विषय निघाला होता. मी म्हटलं, सकाळच्या वेळी इमारतीत दहा-वीस माणसं डोळे उघडे ठेवून फिरतात, ही फुकटची राखण आहे. विषय तिथेच थांबला.

सकाळी 8.00

विजेचं बिल. महावितरणची आमची जोडणी उच्चदाबाची आहे आणि मॉल भरलेला असताना जेवढी वीज लागेल असं गृहीत धरलं होतं, तेवढ्या मागणीचा करार केलेला आहे. प्रत्यक्षात वापर निम्म्यावर आला तरी करारातल्या मागणीच्या ठराविक टक्क्यांवर स्थिर आकार बसतोच. म्हणजे बंद दुकानांची वीजही चालू दुकानदारांच्या खिशातून जाते. करार कमी करण्याचा अर्ज मी दोनदा तयार केला आणि दोन्ही वेळा कमिटीने रोखला. पुन्हा मोठा भाडेकरू आला तर वीज कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण त्या भाडेकरूची वाट पाहण्याची किंमत दर महिन्याला कापडवाला आणि मोबाइल दुरुस्तीवाला भरतात. अर्ज आजच्या बैठकीत तिसऱ्यांदा ठेवणार आहे.

सकाळी 9.30

शटर वर जाऊ लागतात. तळमजल्यावर घड्याळं, चष्मे, तयार कपडे, बॅगा. पहिल्या मजल्यावर टेलर, ब्युटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती. दुसऱ्यावर एक दंतवैद्य, एक प्रवास कंपनी, आणि मग ओळीने खाली ओढलेली शटरं, त्यांच्या फटीतून सरकवलेली नोटिसांची पाकिटं. तिसऱ्यावर एका टोकाला अभ्यासिका आहे, बाकी अंधार.

बाहेरचा माणूस हे बघून लगेच निदान करतो: लोक ऑनलाइन खरेदी करतात, मोठे मॉल आले, म्हणून हा बसला. त्यात तथ्य आहेच. 2011 मध्ये विमाननगरला फिनिक्स मार्केटसिटी उघडला आणि शनिवार-रविवारची चारचाकीवाली कुटुंबं तिकडे वळली. 2023 मध्ये वाकडला आणखी एक मोठा मॉल झाला. पण पुण्यातल्याच लक्ष्मी रस्त्याकडे आणि तुळशीबागेकडे पाहा. तिथे वातानुकूलन नाही, गाडी लावायला जागा नाही, सरकता जिना नाही, आणि ऑनलाइन खरेदी तिथल्या गिऱ्हाइकाच्याही मोबाइलवर आहे. तरी सणासुदीला तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. तेव्हा आमचं दुखणं वेगळं आहे.

दुखणं असं. इमारत बांधताना बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले. त्या काळी हा सरसकट रिवाज होता. कर्ज काढण्यापेक्षा गाळे विकून बांधकामाचा पैसा उभा करणं सोपं. घेणाऱ्यांत डॉक्टर होते, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी होते, परदेशातली मुलं होती. सुरुवातीची काही वर्षं खात्रीचं भाडं मिळेल असं कागदावर होतं. यांतल्या बहुतेकांना दुकान चालवायचंच नव्हतं. ती मुदत संपली, तळमजल्यावरचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर गेलं, आणि प्रत्येक मालक आपापल्या गाळ्यासाठी आपापला भाडेकरू शोधू लागला. म्हणून दागिन्यांच्या दुकानाशेजारी झेरॉक्स आलं आणि मुलांच्या कपड्यांसमोर कुरिअरचं गोदाम. एकच मालक असता तर कोणाला कुठे बसवायचं, कोणाला भाड्यात सवलत देऊन थोपवून धरायचं, हे ठरवता आलं असतं. मोठ्या दुकानाला कमी दरात जागा द्यायची आणि त्याच्यामुळे येणाऱ्या गर्दीवर छोट्यांकडून ते भरून काढायचं, हेच मॉलचं साधं गणित. शंभरावर मालक झाले की हे गणित मांडणाराच उरत नाही.

मॉल ओस पडणं आमच्यापुरतं नाही. दिल्लीचा अन्सल प्लाझा आणि मुंबईत हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स, दोन्ही 1999 चे. देशातल्या पहिल्या आधुनिक मॉलमध्ये त्यांची गणना होते. क्रॉसरोड्सला सुरुवातीला इतकी गर्दी झाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशशुल्क भरा, असा नियम लावावा लागला होता. पुढे तो सोबो सेंट्रल झाला, ओस पडला, मालक कंपनी कर्जात बुडाली, आणि 2023 मध्ये के. रहेजा कॉर्पने तो 476 कोटींना घेतला. पडझड तिथेही झाली, पण मालकी एकहाती होती म्हणून एका व्यवहारात पुढचा रस्ता मोकळा झाला. नाइट फ्रँकच्या 2024 च्या अहवालाने देशातल्या आठ मोठ्या शहरांत 64 ओस मॉल मोजले, 40 टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले. एकूण जागा 1 कोटी 33 लाख चौरस फूट. आदल्या वर्षी असे 57 होते.

सकाळी 11.00

मुख्य दार. एक चिलर सुरू करायचा की पंख्यांवर भागवायचं, हा रोजचा निर्णय. मधला चौक छतापर्यंत मोकळा आहे, त्यामुळे निम्मी दुकानं बंद असली तरी थंड करायची हवा निम्मी होत नाही. आज फेब्रुवारीचं ऊन कोवळं आहे. दुपारी एकपर्यंत पंखे.

दार उघडताच सर्वांत आधी येतात त्या बायका, आणि त्या खरेदीला आलेल्या नसतात. रस्त्यावर गजरे, क्लिपा, रुमाल विकणाऱ्या, बसने गावाहून आलेल्या, लेकरू कडेवर घेतलेल्या. त्यांना स्वच्छतागृह हवं असतं. शहराच्या या भागात बाईमाणसाला दिवसभर उभं राहून धंदा करायचा तर पाणी कमी पिण्यावाचून उपाय नसतो, इतकी वाईट अवस्था आहे. तळमजल्याचं स्वच्छतागृह सर्वांसाठी खुलं राहील, पहाऱ्यावरचा माणूस कोणाला अडवणार नाही, हा नियम मी केला. हाउसकीपिंगच्या मावशींवर कामाचा ताण वाढला, तेव्हा त्यांच्या जोडीला आणखी एक बाई घ्यावी लागली. एका गाळेमालकाने विचारलं, "साहेब, मॉल आहे की एसटी स्टँड?" मी त्यांना बाहेर नेऊन दाखवलं: त्या बायका परत जाताना आमच्याच टेलरकडे ब्लाउज टाकून जातात. पण तसं झालं नसतं तरी दार उघडंच ठेवलं असतं.

दुपारी 12.30

तिसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका. गाळा एका निवृत्त शिक्षकांचा. वर्षानुवर्षं भाडेकरू मिळाला नाही, तेव्हा त्यांनी शेजारचे दोन गाळे नाममात्र भाड्याने घेतले, मधल्या भिंती काढायची परवानगी घेतली आणि टेबलं टाकली. आता तिथे एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. कोणी बीडचं, कोणी हिंगोलीचं, नंदुरबारचं, चंदगडचं. सदाशिव पेठेत कॉटवर राहायचं आणि अभ्यासाला बाहेर टेबल भाड्याने घ्यायचं, हा पुण्यातला जुना शिरस्ता आहे. पेठेतल्या अभ्यासिका बहुधा जुन्या वाड्यांत नाहीतर तळघरांत, हवा कोंदलेली, बाहेर पडायला एकच अरुंद जिना. इथे दोन रुंद जिने आहेत, डोक्यावर स्प्रिंकलर आहेत, रात्री उतरताना मुलींना पहारेकरी दिसतो.

एक मुलगी जिन्यात भेटली. म्हणाली, "सर, दिवे दहाऐवजी अकराला बंद कराल का? पूर्वपरीक्षा जवळ आलीय." मी हो म्हटलं. जास्तीचा तास म्हणजे एक पहारेकरी, जिन्यातले दिवे आणि एक लिफ्ट. करता येईल.

बंदिस्त, वातानुकूलित मॉल ही कल्पना व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या वास्तुविशारदाची. त्याचा साउथडेल मॉल 1956 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या ईडायना गावी उघडला. त्याच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. त्याला माणसांनी एकत्र यावं असा गावचौक हवा होता. जगभर नक्कल झाली ती दुकानांची आणि वाहनतळाची. आयुष्याच्या अखेरीस त्याने असल्या मॉलचं पितृत्वच नाकारलं. त्याच्या कागदावर राहून गेलेला भाग आमच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य आणि अभ्यासिका यांच्या रूपाने आपसूक आला आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुपारी 2.00

फूड कोर्टमध्ये डबा. आठ काउंटरांपैकी दोन चालू: एक डोशाचा, एक पोळीभाजीचा. पोळीभाजीवाल्या ताईंची सगळी भिस्त अभ्यासिकेवर. मार्च 2020 मध्ये मॉल बंद झाले ते राज्यात 5 ऑगस्टला उघडले, आणि तेव्हाही फूड कोर्टला बसून खायची मुभा नव्हती. ते दिवस आठवले की ताईंचा आवाज अजून कातर होतो. त्या पाच महिन्यांत मेंटेनन्स माफ करावा की नाही यावर आमच्या मालकांत जी फूट पडली, ती आजही बैठकीत कोण कुणाशेजारी बसतं यावरून कळते.

दुपारी 3.15

पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळकतकराच्या नावबदलाचं काम होतं, तिथून परतताना महात्मा फुले मंडईवरून आलो. 1886 मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेली ही इमारत. मधोमध उंच मनोरा, त्याला जोडलेले आठ लांब बाहू, चारी बाजूंनी वारा खेळता. शेजारीच आता भुयारी मेट्रोचं स्थानक आहे. सप्टेंबर 2024 पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी धावते आहे.

मंडई सुंदर आहे म्हणून टिकली असं म्हणतात. मला तिथली मालकी दिसते. जागा पालिकेची आणि गाळेधारक भाडेकरू. छप्पर दुरुस्त करायला शंभर जणांच्या सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. पालिकेच्या कारभाराला लोक नावं ठेवतात, मीही ठेवतो. तरी दाद मागायला एक दार आहे. आमच्याकडे छत गळलं की आधी प्रश्न येतो: छत कोणाचं? वरच्या मजल्यावरचा गाळेमालक म्हणतो सर्वांचं, तळमजल्यावरचा म्हणतो तुमचं. मागच्या पावसाळ्यात हा वाद चालू असताना पाणी चौकातल्या दिव्यांपर्यंत उतरलं.

संध्याकाळी 5.30

कमिटीची बैठक. आजच्या दिवसातलं खरं काम हे.

पहिला प्रस्ताव एका बिल्डरचा: इमारत पाडून उंच व्यापारी इमारत, प्रत्येकाला नवा गाळा, मधल्या काळात भाडं. निम्म्याहून अधिक सभासदांनी संमती दिली तर पुढे जाता येईल. कापडवाले शेठ, जे स्वतः दुकानात बसतात, उठून म्हणाले, "चार-पाच वर्षं मी कुठे बसू? गिऱ्हाईक भाड्याच्या पावतीवर येत नाही." त्यांच्या बोलण्याला दुजोरा फक्त दुकान चालवणाऱ्यांचा. ज्यांनी आपला गाळा कित्येक वर्षांत पाहिलेला नाही, त्यांना पाडणं आवडतं. यात त्यांचा दोष मानत नाही; त्यांच्या हाती कागदापलीकडे काही उरलेलं नाही. पण मध्यवस्तीत आणखी एक रिकामी काचेची इमारत उभी राहिली तर त्यात हीच भांडणं नव्या फरशीवर होतील. गाळे तेव्हाही सुटेच असणार.

दुसरा प्रस्ताव माझा. दुसरा आणि तिसरा मजला एकत्र करायचा. मालकी कोणाची काढून घ्यायची नाही. प्रत्येकाने आपला गाळा पाच वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सोसायटीमार्फत द्यायचा आणि सोसायटीने पूर्ण मजले दोन-तीन मोठ्या वापरकर्त्यांना द्यायचे. अभ्यासिका वाढवायची, एक रक्ततपासणी आणि एक्स-रे केंद्र, एक फिजिओथेरपी, आणि मागच्या मोठ्या दालनात नाटकाच्या तालमीसाठी तासावर जागा. आलेलं भाडं सर्वांत वाटायचं.

इथेच अडतं. सरकत्या जिन्यासमोरचा गाळा आणि मागच्या कोपऱ्यातला गाळा यांना चौरस फुटामागे सारखंच भाडं? "अहो साहेब, मी तेव्हा जिन्यासमोरचा म्हणून जास्त दर मोजला होता," निवृत्त बँक अधिकारी म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. वाटप क्षेत्रफळावर न करता मूळ खरेदीच्या दराच्या प्रमाणात करावं, असं मी सुचवलं. खरेदीखतं सगळ्यांकडे आहेत, दर त्यात लिहिलेला आहे, वादाला जागा कमी. डॉक्टरबाईंनी लगेच कागदावर आकडे मांडले आणि कोपऱ्यातल्या मालकालाही आजच्या शून्यापेक्षा बरंच मिळतं हे दाखवून दिलं. पहिल्यांदाच कोणी उठून गेलं नाही.

मग एक गोष्ट निघाली जिच्यावर मी अडून बसलो. तिसऱ्या मजल्यासाठी एका रुग्णालयाची विचारणा आहे, खाटांसहित, आणि भाडं माझ्या प्रस्तावाच्या दीडपट. अनेकांचे चेहरे खुलले. मी भांडुपची आठवण दिली. चालत येणारा माणूस धूर दिसला तर जिन्याने उतरतो. सलाइन लावलेल्या माणसाला उचलून न्यावं लागतं, आणि ही इमारत खरेदीला आलेल्या धडधाकट माणसांसाठी आखलेली आहे. अग्निशमनाचा परवाना मिळेलही. तो मिळाला तरी या पदावर असेपर्यंत मी खाटांना होकार देणार नाही, हे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. अध्यक्ष नाराज झाले. खाटांचा विषय पुढे ढकलला, बाकीचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं. विजेच्या कराराचा अर्जही मंजूर झाला. दोन्ही मजल्यांची नवी गरज हिशेबात धरूनही मागणी कमी करता येते हे आता आकड्यांत दिसत होतं.

रात्री 8.00

तळमजल्यावर गर्दी. लग्नसराई आहे. चष्म्याच्या दुकानातल्या मुली सकाळपासून उभ्या आहेत. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. इथे मी दुकानदारांना नुसतं सांगू शकतो. काहींनी स्टुलं ठेवली आहेत, काहींनी नाहीत.

रात्री 9.30

न्यू जर्सीत सकाळ झालेली असते, म्हणून परदेशातल्या गाळेमालकांना फोन या वेळी. तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा तिथे राहणाऱ्या मुलाच्या वडिलांच्या नावावर आहे. वडील गेले, वारसनोंद झालेली नाही, थकबाकी साचली आहे. असे आणखीही आहेत, आणि दोन्ही मजले एकत्र करायचे तर यांच्या सह्यांशिवाय पाऊल पडणार नाही.

"काका, विकूनच टाकता येईल का?" त्याने विचारलं.

"आत्ता घेणारा मिळाला तर मातीमोल भावाने मागेल," मी सांगितलं. "मजला भरल्यावर ठरव. तेव्हा विकायचा असेल तर मीच गिऱ्हाईक शोधून देईन."

त्याला गाळा कसा दिसतो तेही माहीत नव्हतं. फोटो पाठवला. कुलमुखत्यारपत्र कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगितलं: तिथे नोटरी, मग अपोस्टिल, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक. थकबाकीवरचं व्याज कमी होईल का, असं त्याने विचारलं. मुद्दल एकरकमी भरलं तर कमिटीपुढे मांडतो, म्हणालो. वडिलांच्या मृत्यूचा दाखला कोथरूडला त्याच्या मावशीकडे आहे. त्यांना फोन केला; उद्या अकराला त्या दाखला आणि मूळ शेअर सर्टिफिकेट घेऊन येणार आहेत, आणि वारसनोंदीचा अर्ज मी त्याआधी भरून ठेवतो.